झिजलेलं रोमन नाणं आणि गावाकडचा डिटेक्टर



एक नाणं आहे. तांब्याचं, शर्टाच्या बटणापेक्षा जरासं मोठं, काळपट हिरवं पडलेलं. एका बाजूला उजवीकडे पाहणारं एक डोकं आहे, पण नाक-डोळे गेलेत. दुसऱ्या बाजूला दोन उभ्या रेषा आणि त्यांच्यामध्ये अजून एक बारीक रेष. कडेने कधीकाळी अक्षरं होती, त्यातली चार-पाच शिल्लक आहेत आणि तीही अर्धी. फोटो इथे देता येत नाही, तेव्हा एवढ्या वर्णनावर भागवून घ्या.

माझा भाचा इंग्लंडमध्ये सफोक परगण्यात असतो. आठवडाभर आयटी आणि रविवारी मेटल डिटेक्टर! शेतकऱ्याची लेखी परवानगी घ्यायची, नांगरलेल्या रानात यंत्र फिरवत चालायचं, कानात टूं वाजलं की खुरप्याने चार बोटं उकरायचं, असा तो छंद. नव्वद टक्के वेळा कोकच्या डब्याची टोपणं, बंदुकीच्या छर्‍यांची पितळी तळं आणि ट्रॅक्टरचे नटबोल्ट निघतात. एकदा हे नाणं निघालं. "मामा, हे कुठलं सांग ना, क्लबातले म्हणतात रोमन आहे पण वाचता येण्यासारखं नाही," असं म्हणून त्याने मला दहा-बारा फोटो पाठवले.

मी काही इतिहासाचा प्राध्यापक नाही. जुमेरा लेक टॉवर्समध्ये सोन्याच्या व्यवहारातल्या एका कंपनीत कंप्लायन्सचं काम करतो. म्हणजे सोनं आलं की ते कुठून आलं, कोणाकडून आलं, कागद कुठे आहेत, हे विचारत बसायचं. (अल्मास टॉवरच्या सावलीत राहणाऱ्या निम्म्या लोकांचा धंदा या ना त्या प्रकारे हाच.) नाण्यांचा नाद मात्र कॉलेजपासूनचा. त्यामुळे दोन-तीन संध्याकाळी तळ्याकडच्या बाल्कनीत लॅपटॉप घेऊन त्या फोटोंच्या मागे लागलो. ते सगळं कसं उलगडत गेलं ते सांगतो, कारण पद्धत कळली तर आपल्याकडच्या नाण्यांनाही ती लागू पडते.

सगळ्यात आधी एक सूचना. सापडलेलं नाणं घासायचं नाही. चिंच नाही, लिंबू नाही, पितांबरी तर अजिबात नाही. तांब्यावर जो हिरवा-काळा थर चढतो त्यातच पुष्कळदा अक्षरांचा उठाव टिकून राहिलेला असतो. थर गेला की अक्षरं गेली, मग हातात नुसता चकचकीत तांब्याचा तुकडा. त्याऐवजी खोलीत अंधार करायचा आणि मोबाईलचा टॉर्च नाण्याच्या अगदी पातळीत, आडवा धरायचा. आधी डावीकडून, मग उजवीकडून, मग वरून, खालून. दर वेळी एक फोटो. समोरून प्रकाश टाकल्यावर सपाट दिसणारं नाणं आडव्या उजेडात बोलू लागतं. जात्याच्या पाळीवरचे टाके कसे तिरप्या उन्हातच दिसतात, तसंच.

दुसरं म्हणजे वाचायची घाई करायची नाही. झिजलेलं नाणं आधी मोजायचं. भाच्याला व्यास विचारला. साडेपंधरा मिलिमीटर. वजन दीड ग्रॅमच्या आत-बाहेर. रोमच्या नाण्यांत ही दोन मापं अर्धं काम करून टाकतात, कारण चौथ्या शतकात तांब्याचं नाणं सतत लहान-मोठं होत होतं. सरकारला पैसा कमी पडला की नाणं आकसायचं, मग कोणी तरी सुधारणा करायचा, परत आकसायचं. पहिल्या-दुसऱ्या शतकातलं जाडजूड पितळी नाणं आणि हे टिकलीएवढं नाणं शेजारी ठेवलं तर एकाच साम्राज्याचं आहे असं वाटणार नाही.

तिसरी गोष्ट म्हणजे चित्राची बाह्यरेषा. दोन उभ्या रेषा म्हणजे दोन माणसं हे उघड आहे. उशिराच्या रोमन तांब्यावर समोरासमोर उभी दोन माणसं मुख्यतः दोन ठिकाणी येतात. एक म्हणजे भाले आणि ढाली घेतलेले दोन सैनिक, मध्ये फौजेचं निशाण. भोवती ग्लोरिया एक्झर्सिटस, म्हणजे सैन्याचा गौरव, अशी अक्षरं. दुसरं म्हणजे पंख असलेल्या दोन विजयदेवता, हातात हार घेऊन एकमेकींकडे तोंड केलेल्या. हे ३४० च्या दशकातलं. नाणं झिजलं की सैनिक कोण आणि देवी कोण हे कळेनासं होतं. तेव्हा बघायचं ते कडेला. सैनिकांचे भाले बाहेरच्या बाजूला सरळ काठीसारखे उभे असतात. देवींच्या बाहेरच्या बाजूला पंख असतात, म्हणजे रेष खांद्यापासून तिरकी खाली येते. डावीकडून उजेड टाकलेल्या फोटोत एक सरळ काठी स्पष्ट दिसली. म्हणजे सैनिक.

आता निशाणं किती? ३३० साली हे नाणं सुरू झालं तेव्हा दोन सैनिकांच्या मध्ये दोन निशाणं होती आणि नाणं सतरा-अठरा मिलिमीटरचं होतं. ३३५ च्या सुमारास नाणं लहान केलं, जागा कमी पडली, म्हणून दोनाचं एकच निशाण झालं. आमच्या नाण्यात मध्ये एकच रेष, आणि व्यास साडेपंधरा. दोन्ही पुरावे एकाच बाजूला पडले. ३३५ ते ३४१. एकही अक्षर न वाचता सोळाशे-सतराशे वर्षांच्या मागच्या सहा वर्षांत येऊन पोचलो. मला या क्षणी जो आनंद होतो तो कंप्लायन्सच्या फायलीत कधी झाला नाही. :-)

राजा कोण, हे मात्र अवघड. कॉन्स्टंटाईन बादशहाने आपल्या मुलांची नावं ठेवताना पुढच्या नाणेतज्ज्ञांचा जराही विचार केलेला नाही. बाप कॉन्स्टंटाईन, मुलगे कॉन्स्टंटाईन दुसरा, कॉन्स्टॅन्शियस आणि कॉन्स्टन्स. सगळ्यांची पहिली सहा-सात अक्षरं तीच. आपल्याकडे बाळाजी, बाजीराव, पुन्हा बाळाजी झालं तसलाच प्रकार, पण इथे सगळे एकाच काळात आणि एकाच छापाच्या नाण्यावर. ओळखायची खूण शेवटी असते. बाप ३३७ च्या मे महिन्यात वारला आणि त्याच वर्षी ९ सप्टेंबरला तिघे भाऊ ऑगस्टस झाले. त्याआधी मुलांच्या नावापुढे युवराजाची पदवी, नंतर बादशहाची. म्हणजे डोक्यामागून-पुढून जाणाऱ्या ओळीची शेवटची तीन अक्षरं जरी वाचता आली तरी ३३७ च्या अलीकडे की पलीकडे हे ठरतं. आमच्या नाण्यात नेमका तोच भाग खाल्ला गेलाय. सुरुवातीचं 'कॉन्स' तेवढं ठसठशीत आहे, त्याचा काय उपयोग?

टांकसाळीचं नाव सैनिकांच्या पायाखाली आडव्या रेघेच्या खालच्या पट्टीत असतं. तिथे 'टी' आणि 'आर' ही दोन अक्षरं आडव्या उजेडात दिसली. तिसरं गेलं. टी-आर म्हणजे ट्रियर, आजच्या जर्मनीतलं मोझेल नदीवरचं शहर. तिसरं अक्षर हे टांकसाळीच्या पहिल्या किंवा दुसऱ्या कारखान्याचं. ब्रिटनला त्या काळात नाणी जायची ती मुख्यतः ट्रियर, लियों आणि आर्ल या तीन ठिकाणांहून, त्यामुळे सफोकच्या शेतात ट्रियरचं नाणं निघणं अगदी स्वाभाविक. एक शंका उरली होती ती नकलेची. ३४० च्या दशकात ब्रिटन आणि गॉलमध्ये सुटे पैसे कमी पडले तेव्हा लोकांनी ही नाणी घरच्याघरी पाडली, ती खंडीने सापडतात. पण नकला बहुधा आणखी लहान, डोकं वेडंवाकडं आणि अक्षरं म्हणजे नुसत्या रेघोट्या. आमच्या नाण्यातली उरलेली अक्षरं सरळ आहेत. तेव्हा निकाल असा: कॉन्स्टंटाईनच्या घराण्यातला कोणी तरी, दोन सैनिक एक निशाण, ३३५ ते ३४१, टांकसाळ ट्रियर.

बाजारात किंमत? चार-पाच पौंड कोणी दिले तर नशीब. भाच्याचा चेहरा व्हिडिओवर उतरलेला मला दिसला.

पण त्या नाण्याचं खरं मोल त्या शेतात आहे. इंग्लंड-वेल्समध्ये १९९७ साली पोर्टेबल अँटिक्विटीज स्कीम नावाची व्यवस्था सुरू झाली आणि २००३ पर्यंत ती सगळीकडे पोचली. डिटेक्टरवाल्याला जे सापडेल ते त्याने जिल्ह्याच्या अधिकाऱ्याला दाखवायचं, नकाशावरची जागा सांगायची, अधिकारी फोटो काढून नोंद करून वस्तू परत देतो. अशा लाखो नोंदी आता कोणालाही चाळता येतात. एकटं झिजलेलं नाणं काहीच सांगत नाही. पण एका गावच्या शिवारातली अशी दोनशे नाणी नकाशावर मांडली की रोमन वस्ती कधी होती, बाजार कुठे भरायचा, कधी मोडला, हे दिसायला लागतं. आमच्या नाण्यावर राजाचं नाव नसलं तरी या कामाला ते पुरेसं आहे.

मोठा साठा सापडला तर तिथे १९९६ चा ट्रेझर अ‍ॅक्ट लागतो. २०१० च्या एप्रिलमध्ये सॉमरसेटमध्ये फ्रोमजवळ डेव्ह क्रिस्प नावाच्या माणसाला डिटेक्टरने एका मातीच्या रांजणाचं तोंड लागलं. आत नाणी. या माणसाने जे केलं त्याबद्दल मला त्याला आपल्या पद्धतीने नारळ आणि शाल द्यावीशी वाटते: तो थांबला. खड्डा बुजवला आणि पुरातत्त्ववाल्यांना फोन केला. त्यांनी तीन दिवस खपून तो रांजण थराथराने रिकामा केला. ५२,५०३ नाणी निघाली, वजन १६० किलोच्या आसपास. सगळ्यांत उशिराची, कारॉसियस नावाच्या बंडखोर बादशहाची नाणी बहुतेक रांजणाच्या निम्म्याच्या खाली होती. म्हणजे वर्षानुवर्षं वरून टाकत गेलेली ही शिल्लक नव्हे, सगळं एकाच वेळी ओतलेलं. क्रिस्पने तो रांजण उपसून पोत्यात भरला असता तर नाणी तेवढीच मिळाली असती, ही गोष्ट मात्र कायमची गेली असती. आणि व्यवहाराचं बोलायचं तर कायद्याने त्याचं नुकसानही झालं नाही. म्युझियमने तो साठा २०११ मध्ये ३,२०,२५० पौंडांना घेतला, रक्कम त्याच्यात आणि जमीनमालकात वाटली गेली.

आता तुम्ही म्हणाल, हे सफोक आणि सॉमरसेट आम्हाला कशाला? तर असली टिकलीएवढी उशिराची रोमन तांब्याची नाणी भारतातही आली, आणि भरपूर आली. फक्त आपल्याकडे नाही, तमिळनाडूत आणि श्रीलंकेत. करूरला अमरावती नदीच्या आणि मदुराईला वैगईच्या पात्रात ती सापडत आली आहेत; आर. कृष्णमूर्ती यांनी १९९४ मध्ये त्यांच्यावर स्वतंत्र पुस्तकच काढलं. चौथ्या-पाचव्या शतकातली, गुळगुळीत झालेली. श्रीलंकेत तर स्थानिक लोकांनी त्यांच्या नकला पाडल्या. म्हणजे रोममधून येऊन ती तिथल्या बाजारात सुटे पैसे म्हणून हातोहात फिरत होती, आणि झीज बरीचशी इकडच्या हातांची आहे! वाईट एवढंच की पुष्कळशी नाणी वाळू चाळणाऱ्यांकडून भंगारवाल्याकडे आणि तिथून संग्राहकाकडे आली. नदी कळते, जागा कळत नाही.

महाराष्ट्राचा रोमशी संबंध त्याच्या आधीचा, पहिल्या-दुसऱ्या शतकातला. 'पेरिप्लस' लिहिणाऱ्या अनामिक ग्रीक व्यापाऱ्याला कल्याण, चौल, पैठण, तेर सगळी नावानिशी ठाऊक आहेत. भडोचला रोमन सोन्या-चांदीची नाणी नेली तर स्थानिक नाण्यांच्या बदल्यात नफा होतो, असंही तो सांगतो. (आमच्या इमारतीतले लोक आज जे करतात तेच.) त्याच भडोचच्या बाजारात मिनँडर आणि अपोलोडोटस या कधीच्या मेलेल्या ग्रीक राजांची जुनी नाणी अजून चालतात, असंही त्याने टिपून ठेवलं आहे. एवढा व्यापार असून आपल्याकडे रोमन नाणी थोडीच सापडतात. बरेच अभ्यासक म्हणतात की ती चांदी वितळवून क्षत्रपांनी आपली नाणी पाडली. मला ते पटतं, कारण व्यापारी माणूस परकं नाणं मडक्यात पुरण्याआधी चालतं करून घेतो. शिल्लक राहिल्या त्या हौशी. तेरला आणि कोल्हापूरला रोमन नाण्याचा छाप मातीत उठवून केलेली, गळ्यात बांधायची पदकं सापडली आहेत. आपल्या आज्यांच्या पुतळ्यांच्या माळेचीच ही पूर्वपिढी म्हणायची. व्हेनिसच्या डुकाटवर संत मार्कपुढे गुडघे टेकलेला तिथला राज्यप्रमुख असतो, आपण त्यात राम-सीता पाहिले.

आणि आपण राहतो तिथे? जेएलटीहून शेख झायेद रोडने निघालं की तासाभराच्या ड्राइव्हवर, उम्म अल क्वैनमध्ये, अद-दूर आहे. १९८७ पासून बेल्जियन, ब्रिटिश, डॅनिश आणि फ्रेंच अशा चार पथकांनी मिळून तिथे काम केलं. पहिल्या शतकातलं बंदराचं गाव, सूर्यदेव शमशचं देऊळ, रोमन काच, थोडी रोमन नाणी. पण तिथलं आणि शारजातल्या मलीहाचं घरचं नाणं जास्त मजेचं आहे. सिंहाचं कातडं डोक्यावर घेतलेला हेराक्लिस आणि मागे सिंहासनावर बसलेला देव, म्हणजे थेट सिकंदराच्या चांदीच्या नाण्याची नक्कल, सिकंदर जाऊन दोन-तीनशे वर्षं झाल्यावर. नकलेची नक्कल होत होत हेराक्लिसचा चेहरा नुसते ठिपके आणि वेलांट्या झालाय. अशी नाणी नाकाडोळ्यांवरून ओळखता येत नाहीत. बाह्यरेषा, वजन आणि सापडलेली जागा, सफोकच्या नाण्याला लावले तेच नियम.

एवढ्यात उशिराच्या रोमनांचं आणि आपलं नातं अगदीच तुटलं होतं असं समजू नका. सहाव्या शतकातला कॉस्मस नावाचा व्यापारी (पुढे हा साधू झाला) कल्याण बंदराचं नाव घेतो, तिथून तांबं आणि कापड येतं म्हणून सांगतो. त्याचीच एक गोष्ट आहे. लंकेच्या राजापुढे एक रोमन आणि एक इराणी व्यापारी भांडतात, कोणाचा राजा मोठा. रोमन म्हणतो, दोघांचीही नाणी हजर आहेत, बघून घ्या. राजाने एका हातात रोमचं सोन्याचं झळझळीत नाणं धरलं, दुसऱ्या हातात इराणचं चांदीचं, आणि निकाल दिला. गोष्ट रोमन बाजूने सांगितलेली आहे हे उघडच आहे.

तर आता मुद्द्याकडे. भाच्याच्या नाण्याचे फोटो मी इथल्या एका मित्राला दाखवले. हा नाशिक जिल्ह्यातला, सिन्नर तालुक्यातला. माझ्यापेक्षा दहा वर्षांनी लहान, मला भाऊ म्हणतो. फोटो पाहून म्हणाला, "भाऊ, आमच्या देवघरात पण असंच रोमन नाणं आहे, राजाचं डोकं असलेलं. आमच्या मळ्याशेजारी पांढरीचं टेकाड आहे, त्यात पावसाळ्यानंतर मणी नि खापरं निघतात. इकडे गोल्ड डिटेक्टर चांगले मिळतात. दिवाळीत जाताना एक घेऊन जाऊ का?"

हा प्रश्न मला आजवर तीन-चार जणांनी विचारला आहे, म्हणूनच हे सगळं लिहायला बसलो. पांढरी म्हणजे काय हे गावाकडच्यांना सांगायला नको. जुन्या वस्तीची राख, शेण, भिंतींची माती मिसळून झालेली ती पांढुरकी जमीन. खत म्हणून गाड्याच्या गाड्या भरून ती शेतात टाकली गेली आणि तिच्याबरोबर किती इतिहास पसरला याचा हिशोब नाही. पण पांढरीच्या आत जे अजून थरात बसलेलं आहे, त्यात डिटेक्टर घेऊन भोकं पाडणं म्हणजे पोथीतले फक्त सोनेरी शाईचे शब्द कात्रीने कापून घेण्यासारखं आहे. सफोकमध्ये नाणी वरच्या, नांगराने आधीच उलटीपालटी केलेल्या मातीतली असतात. संरक्षित स्थळावर तिथेही यंत्र चालवता येत नाही. म्हणजे 'तिकडे चालतं मग इकडे का नाही' याला अर्थ नाही.

त्याच्याच तालुक्यातलं उदाहरण मी त्याला दिलं. १९०६ मध्ये जोगलटेंभीला चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. १३,२५० हून जास्त नाणी, सगळी क्षत्रप नहपानाची. आणि त्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीने आपली चैत्याची आणि उज्जैन चिन्हाची मुद्रा वरून ठोकलेली. नाशिकच्या लेण्यात गौतमीपुत्राच्या आईने मुलाच्या पराक्रमाचं जे वर्णन कोरून ठेवलंय, क्षहरातांचं कुळ संपवल्याचं, त्याची ही रोकडी पावती. रेव्हरंड स्कॉट यांनी १९०८ मध्ये हे प्रसिद्ध केलं ते साठा एकत्र पाहायला मिळाला म्हणून. यातली दोन नाणी इथे, पाच तिथे, बाकीची सराफाच्या मुशीत गेली असती तर? एखाद-दुसऱ्या नाण्यावर दुहेरी छाप दिसला असता, आणि नऊ हजार नाण्यांवर राजाने मुद्दाम आपली खूण उठवली हे कोणाला कळलं असतं?

कायद्याचं थोडक्यात सांगतो, कारण बहुतेकांना वाटतं की आपल्या शेतात सापडलं ते आपलं. १८७८ चा ट्रेझर ट्रोव्ह अ‍ॅक्ट अजून लागू आहे. दहा रुपयांहून जास्त किमतीचं काही जमिनीत सापडलं तर कलेक्टरला लेखी कळवायचं. (दहा रुपये १८७८ चे, पण मर्यादा आजही तीच!) लपवलं तर एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड किंवा दोन्ही. कळवलं आणि सरकारने ठेवून घेतलं तर धातूची किंमत आणि वर तिचा पाचवा हिस्सा मिळतो. ब्रिटनच्या मानाने हे फार कंजूष आहे आणि लोक कळवत नाहीत त्याचं हे एक मोठं कारण आहे असं माझं मत. शिवाय १९७२ च्या कायद्याप्रमाणे शंभर वर्षांपेक्षा जुनं नाणं खाजगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा 'आजोबांचं नाणं इकडे आणून दाखवतो' हेही नको. आणि इथल्या वाळवंटात वीकेंडला यंत्र फिरवू म्हणाल तर इथेही २०१७ चा प्राचीन वस्तूंचा फेडरल कायदा आहे, परवान्याशिवाय खोदकाम नाही.

राहिलं ते देवघरातलं रोमन नाणं. मित्राच्या बहिणीने फोटो पाठवले, आडवा टॉर्च धरून, फुटपट्टी शेजारी ठेवून, अगदी सांगितलं तसे. चांदीचं, लहानसं, दोन ग्रॅमच्या आसपास. एका बाजूला उजवीकडे पाहणारं डोकं आहे खरं. पण दुसऱ्या बाजूला बसलेला नंदी, आणि भोवती ब्राह्मी अक्षरं. रोमन बादशहा नंदी काढत नाही. हा कलचुरी कृष्णराजाचा रुपक, सहाव्या शतकाच्या मध्यानंतरचा. त्या डोक्याची वंशावळ मात्र बघण्यासारखी आहे. क्षत्रपांनी ग्रीक-रोमन धर्तीवर राजाचं डोकं घेतलं, सोबत ग्रीक अक्षरंही, जी पुढे निरर्थक रेघोट्या झाली. क्षत्रपांकडून ते गुप्तांनी घेतलं, गुप्तांकडून कृष्णराजाने. त्यामुळे नाशिककडच्या चांदीवर डोकं दिसलं की 'रोमन' म्हणायचा मोह होतो, त्यात नवल नाही. मोठमोठ्या अभ्यासकांनीही हे नाणं पूर्वी राष्ट्रकूट कृष्णाचं मानलं होतं.

आणि हे नाणं किती चाललं? नाशिकजवळच्या अंजनेरीच्या ताम्रपटात, जो महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी वाचला, इसवी सन ७१० मध्ये कृष्णराजाच्या रुपकांत रकमा सांगितल्या आहेत. राजा जाऊन शंभरावर वर्षं झाली, घराणं बुडालं, पण व्यवहार त्याच्या नाण्यात. योगायोग असा की त्याच अंजनेरीला १९८० च्या दशकापासून परमेश्वरीलाल गुप्तांनी उभी केलेली नाण्यांच्या संशोधनाची संस्था आहे. मित्राच्या गावाहून एसटीने जाऊन येण्याएवढी जवळ.

मित्र खूश झाला, मग जरा खट्टूही. रोमन नाही म्हटल्यावर किंमत कमी झाली की काय असं त्याला वाटलं. मी त्याला एकच गोष्ट विचारली: सापडलं कुठे? त्याला ठाऊक नव्हतं. आईला ठाऊक नव्हतं. आजोबा कधीच गेले. वडील चौऱ्याऐंशी वर्षांचे, ऐकू कमी येतं, फोनवर बोलणं अवघड. त्यांच्याखेरीज सांगणारं माणूस घरात उरलेलं नाही. शुक्रवारी सकाळी बहिणीने त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं आणि आम्ही इकडे स्पीकरवर ऐकत बसलो. म्हातारा बराच वेळ गप्प. मग म्हणाला, बहात्तरच्या दुष्काळात विहीर खोल करत होतो तेव्हा. टेकाडात नाही, टेकाडाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकडे. गाळाच्या खाली विटा लागल्या, मोठ्या मोठ्या, त्या विटांच्या वर. एकच होतं का? नाही, तीन होती. दोन त्याच्या बहिणीच्या लग्नात मोडली.

बहिणीने ते सगळं वहीत लिहून घेतलं आहे, गट नंबरासकट. विहीर अजून आहे. विटांची मापं घ्यायला ती या उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की उतरणार आहे, आणि तहसीलदारांमार्फत कलेक्टरला आणि पुरातत्त्व खात्याला द्यायच्या अर्जाचा मसुदा मी परवा तिला पाठवला. डिटेक्टर घेतलेला नाही.